तांडेलाच्या घरी शेळ्या

दाभोळच्या खारवीवाड्यात कुणी कधी शेळी पाळली नव्हती. बोकड यायचा तो देवीचा नवस फेडायला, आणि आल्या दिवशीच त्याचा निकाल लागायचा. म्हणून एकोणीसशे बत्तीस सालच्या वैशाखात सोनूबाईच्या घरामागे चार मेढी पुरलेल्या दिसल्या आणि त्या शेळ्यांसाठी आहेत असं कळलं, तेव्हा विहिरीवर बायकांनी तिला पहिलं हेच विचारलं, "कसला नवस बोललीस गो?"

नवस कसलाच नव्हता. घरात तीन महिन्यांची नात होती आणि तिच्या पोटात दूध टिकत नव्हतं.

सोनूबाईचा मुलगा रघू मुंबईला गोदीत कामाला होता. त्याच्या बायकोला, विमलाला, माहेरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती बाळंतपणाला सासरीच आली. माघात मुलगी झाली. तिचं नाव चिमा ठेवलं. बारसं झाल्यावर आठ दिवसांतच विमलाला ताप भरला तो एकवीस दिवस उतरला नाही. ती वाचली, पण अंगावरचं दूध आटलं. शेजारच्या यमुनाबाईचा धाकटा सात महिन्यांचा होता. तिनं महिनाभर चिमाला स्वतःच्या पोरासोबत पाजलं. मग तिचंही दूध दोघांना पुरेना. बाजारातून म्हशीचं दूध आणलं, ते पोरीनं उलटून टाकलं. गाईचं पाणी घालून दिलं, तर जुलाब लागले. पोरीच्या मांड्यांची कातडी सैल पडली. वैद्यांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, "शेळीचं दूध द्या. निम्मं पाणी, दोन दाणे वावडिंगाचे, आणि चांगलं उकळून."

शेळीचं दूध डोंगरावरच्या धनगरवाड्यात होतं. तिथली ठकूबाई आठवड्यातून दोनदा बाजारात तूप घेऊन उतरायची आणि जाताना सोनूबाईकडून सुके बोंबील न्यायची. दोघींची ओळख वीस वर्षांची. ठकूबाईनं नुसतं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी लोटाभर दूध घेऊन डोंगर उतरू लागली. यायला दीड तास आणि चढून जायला दोन.

दूध पोरीला मानवलं. आठव्या दिवशी ती दुपारभर न किरकिरता झोपली. त्याच दिवशी ठकूबाई लोटा धुता धुता म्हणाली, "सोनूबाय, मिरगापर्यंत मी येते. वाटेतल्या पऱ्ह्याला पाणी चढला की माझी वाट बंद. ती गौरीपर्यंत."

"मंग पोरीचा काय करू?"

"शेळी घरी बांधा. दोन देते अर्धलीनं. दूध तुमचा, करडा झाली की निम्मी माझी. पण जागा बघितल्याबिगर जनावर देणार नाय."

सोनूबाई तिला घरामागे घेऊन गेली. नारळाच्या चार झाडांमागे थोडी मोकळी जागा होती, तिथं ती सुकट वाळवायची. ठकूबाईनं टाच जमिनीत रुतवली, उचलली आणि खड्ड्यात बोट घालून पाहिलं. वैशाखातसुद्धा आत ओल होती. खाडी शंभर पावलांवर.

"इथं शेळी आषाढ बघणार नाय," ती म्हणाली. "शेळी उपास काढते, थंडी काढते. पाय ओले राहिले की खूर सडतात. मंग बसते, ती उठत नाय."

"मंग कशी बांधू?"

"माच करायचा. कमरेइतका उंच, लाकडाचा. फळी न् फळीत बोटभर फट, म्हंजे लेंडी खाली पडते, मूत खाली जातो. फट बोटाहून मोठी झाली तर खूर अडकून पाय मोडेल. समुद्राच्या अंगाला भिंत पक्की, वारा लागता कामा नये. आणि दोन पाहिजेत. एकटी शेळी ओरडून ओरडून दूध चोरते. एक व्यालेली देते, एक गाभण. पहिली श्रावणात आटेल तवा दुसरी विईल."

हे सगळं मागच्या पडवीत बसलेला भागोजी ऐकत होता. भागोजी म्हणजे सोनूबाईचा नवरा, वीस वर्षं तांडेल. स्वतःचा मचवा घेऊन तो वेंगुर्ल्यापर्यंत गेलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी शिडाचं आडवं लाकूड दोरी तुटून त्याच्या कमरेवर पडलं. हाड जुळलं पण वाकडं जुळलं. उजवा पाय ओढत तो चालायचा, चढ त्याला चढता यायचा नाही. त्याचे खलाशी दुसऱ्यांच्या बोटींवर गेले. मचवा घराच्या बाजूला नारळाच्या झापांखाली उभा राहिला. दर ज्येष्ठात भागोजी त्याला उंडीचं तेल चोपडायचा, वरचे झाप बदलायचा. रघू येईल आणि मचवा पाण्यात घालेल असं घरात समजायचं. तसं कुणी म्हणत मात्र नसे.

माचासाठी लाकूड शोधायला सोनूबाई लागली. आधी तिनं बांबू आणले. ठकूबाईनं हात लावूनच सांगितलं, "गोल हाय. खूर घसरतो." मग पोफळीचे जुने सोट मिळाले, ते उभे चिरून पट्ट्या केल्या. ठकूबाईनं त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि अनवाणी पाय घासला. पट्टी शेवाळ्यासारखी निसरडी झाली. "आणि दोन पावसात कुजेल," ती म्हणाली. सागाच्या फळ्या चिपळूणला मिळत होत्या, त्या आणायच्या कशा आणि कुणी, हा प्रश्न होता. रघूला पत्र टाकलं तर उत्तर यायला पंधरा दिवस.

सोनूबाई रोज बाजारातून आली की कुठलं ना कुठलं लाकूड पाहून यायची. एक मोडकं दार आणलं, एक फुटका पाट आणला. घराच्या बाजूला सागाचा आख्खा मचवा उभा होता, त्याचं नाव तिनं काढलं नाही. त्या अंगानं ती जाईसुद्धा ना. विहिरीवर जायला ती उलट्या बाजूनं वळसा घ्यायची. भागोजीच्या ते लक्षात आलं होतं.

अशात एक दिवस दाजी आला. दाजी भागोजीचा चुलतभाऊ, यमुनाबाईचा नवरा, शेजारच्याच अंगणाचा. मेढी बघून तो पडवीत येऊन बसला, पण भिंतीला टेकला नाही.

"दादा, शेळ्या बांधताय असा ऐकला."

"व्हय."

"तुमची नात ती माझी नात. तिला दूध पाहिजे, मी नाय म्हणत नाय. पण आठ-दहा दिवसांत बोटी वर येतील. वाड्यातली सगळी जाळी अंगणात पडतील वाळायला. शेळी सणाची दोरी खाते. मीठ लागलेली असली तर जास्तच खाते. हर्णैला एकाचा आख्खा जाळा खाल्ला होता."

"बांधून ठेवू."

"शेळी बांधून राहते?" दाजी म्हणाला. "माझ्या जाळ्याला तोंड लावला तर मी काय करणार सांगा. तुमच्याशी भांडणार? भांडायचा नाय म्हणून आदी सांगायला आलो."

"जाळा खाल्ला तर मी विणून देईन," भागोजी म्हणाला. "पहिल्यासारखा. तुला गाठ ओळखता येणार नाय."

दाजी उठला. घरात जाऊन त्यानं चिमाला पाहिलं, तिच्या गालाला बोट लावलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनूबाई टोपली घेऊन निघाली, तेव्हा भागोजी मचव्यापाशी उभा होता. त्यानं वरचे दोन झाप काढून खाली टाकले होते.

"वाकस कुठं ठेवलास?" त्यानं विचारलं.

सोनूबाईनं टोपली खाली ठेवली. "कशाला?"

"फळ्या काढतो."

"मी मागितल्या नाय."

"तू मागणार नाय ता मला म्हायती हाय. पाच दिस झाले वळसा घेऊन पाण्याला जातेस."

ती म्हणाली, "रघूचा हाय तो. त्याला विचारल्याबिगर—"

"रघूनं मला मागल्या गणपतीला सांगितला. आगबोटीवर चढायच्या आदी. बाबा, मी आता दर्यात जाणार नाय, मचवा इका नायतर काय करायचा ता करा. तुला सांगू नका म्हणाला."

सोनूबाई म्हणाली, "मला विमलानं सांगितला. ती आली त्याच दिशी. तुमाला सांगू नका म्हणाली."

भागोजीनं मान हलवली. हसला नाही, रागावलाही नाही. "म्हंजे चौघांनाबी म्हायती," तो म्हणाला. त्यानं तिला हाताला धरून मचव्याच्या तळाशी नेलं, खाली वाकायला लावलं. सुकाणूजवळच्या खालच्या लाकडात त्यानं अंगठा दाबला. अंगठा आत गेला. "दोन वर्सा झाली. वरून तेल लावतोय, खालून हा असा हाय. घेतलाच असता कुणी तर पहिल्याच लाटेत उघडला असता. म्हणून मी इकला पण नाय."

"मंग तेल कशाला लावत होता?"

त्यानं वरच्या फळीवर बोटानं ठोकलं. "वरच्या फळ्या चांगल्या हायत," तो म्हणाला. "त्या तेलानंच टिकल्या."

सोनूबाईनं आत जाऊन वाकस, पहार आणि हातोडा आणून दिला आणि मग ती बाजाराला गेली. त्या दिवशी तिचं माशाच्या वाट्यांकडे लक्ष नव्हतं. एका बाईला तिनं सहाच्या जागी आठ बांगडे घातले आणि घरी आल्यावर तिला ते आठवलं.

मचवा मोडायला सहा दिवस लागले. भागोजी उभा राहून फार वेळ काम करू शकत नव्हता, म्हणून तो खालच्या बाजूला पाटावर बसून फळी सैल करायचा, मग उठून वरचा खिळा ओढायचा, परत बसायचा. पहिले दोन दिवस तो एकटाच होता. तिसऱ्या दिवशी पहाटे समुद्रावरून आलेला दाजी भाकरी खाऊन सरळ तिकडे आला आणि त्यानं पहारीचं दुसरं टोक धरलं. दहा वर्षं तो याच मचव्यावर खलाशी होता. पुढच्या टोकाची, नाळेची फळी निघाली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ही आपण मुरुडाला बदलली होती." भागोजी म्हणाला, "मुरुडाला नाय. बाणकोटला." त्यावर दोघांचं थोडा वेळ चाललं. मग बाणकोट ठरलं.

खिळ्यांचं काम भागोजीनं कुणाला दिलं नाही. प्रत्येक फळीवर दोन्ही बाजूंनी तळहात फिरवून तो बघायचा. तळहाताला काही लागलं की परत चिमटा. मग फळ्या करवतीनं उभ्या चिरून चार-चार बोटं रुंदीच्या पट्ट्या केल्या. फट किती ठेवायची त्यासाठी त्यानं स्वतःचं बोट धरलं, तेव्हा विमला दारातून म्हणाली, "मामा, तुमचा बोट जाड हाय. ठकूबाईचा बोट बारीक हाय." आजारातून उठल्यापासून ती पहिल्यांदाच स्वतःहून काही बोलली होती. भागोजीनं तिला बोट धरायला सांगितलं. सगळ्या फटी विमलाच्या बोटानं मोजल्या गेल्या. ती दोन दिवस माचावर बसून होती, मांडीवर पोर, आणि प्रत्येक पट्टीला बोट घालून "बस" म्हणत होती.

समुद्राच्या अंगाला जांभ्या दगडाची अर्धी भिंत आणि वर कुडाला शेणमाती. छपराला दुहेरी झाप. चारा जमिनीवर टाकला तर शेळी तो खात नाही, तुडवते, असं ठकूबाईनं सांगितलं होतं, म्हणून छातीच्या उंचीला आडवी गव्हाण केली. तिलाही मचव्याचीच फळी लागली.

आता चारा. माच उभा राहत होता तोवर सोनूबाईनं ते काम डोक्यावर घेतलं होतं. ठकूबाई म्हणाली होती, पावसात ओला पाला शेळीला देऊ नका, हगवण लागते. सुका साठवा. पेंढा ती खात नाही, कुळथाचा पाला खाते. कुळीथ खारवीवाड्यात कुठला? सोनूबाई सुकट आणि बोंबलांची टोपली घेऊन आतल्या गावांत जाऊ लागली. कुणब्यांच्या घरी दोन ओंजळी सुकट द्यायची आणि बदल्यात कुळथाच्या पाल्याचं ओझं घ्यायचं. एका घरची म्हातारी म्हणाली, "पाला तर आमी जाळतो. तू सुकट देतेस?" सोनूबाई म्हणाली, "देते. जाळू नका." चार खेपांत माळा निम्मा भरला. फणसाच्या पानांच्या जुड्या बांधून टांगल्या. तरीही ठकूबाई माळ्याकडे बघून म्हणाली, "हा आषाढात संपला. श्रावणाचा काय?"

तेव्हा भागोजीनं विचारलं, "तिवर खाते काय शेळी?"

ठकूबाईला तिवर माहीत नव्हतं. खाडीच्या चिखलात वाढणारं झाड, धनगरांचा त्याच्याशी संबंध काय येणार? भागोजीनं दाजीकडून एक डहाळी मागवली. पानांच्या पाठीवर मीठ पांढरं दिसत होतं. ठकूबाई ती कमरेला खोचून वर घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आली तेव्हा म्हणाली, "काडीसकट खाल्ला. वर माझा लुगडा हुंगत होती."

ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात ठकूबाई दोन शेळ्या घेऊन उतरली. एक काळी, कानावर पांढरा ठिपका, तिच्यासोबत दीड महिन्याचं करडू. दुसरी तांबडी, गाभण. विहिरीवरच्या बायका बघायला आल्या. काळीनं माच बघितला आणि चढायला नकार दिला. ठकूबाईनं तिला ढकललं नाही. ती स्वतः माचाला टेकवलेल्या फळीवरून वर गेली, माचावर उकिडवी बसली आणि पदरातला कुळथाचा पाला मांडीवर घेऊन दुसरीकडेच बघत राहिली. पाच मिनिटांत तिन्ही जनावरं वर होती. आणि मग त्यांनी पाला बाजूला ठेवून फळ्या चाटायला सुरुवात केली. तांबडी तर गुडघे टेकून चाटत होती.

"काय लावलाय याला?" ठकूबाईनं विचारलं.

"वीस वर्साचा मीठ हाय," भागोजी म्हणाला.

ठकूबाईनं वाकून फटी पाहिल्या, खाली डोकावली, भिंतीला हात लावला. "राहतील," ती म्हणाली. तिच्याकडून तेवढंच आलं.

धार काढायला सोनूबाई बसली. तिच्या हातांना माशाचा वास, आणि शेळीला तो आवडेना. काळीनं लाथ मारून लोटा उडवला. राखेनं हात घासून, चिंचेनं घासून ती परत बसली, परत तेच. सोनूबाईलाही शेळीचा वास सोसत नव्हता. सगळा जन्म बोंबलांत गेलेली बाई, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. ठकूबाई म्हणाली, "सून बसू दे."

विमला बसली. तिनं डोकं शेळीच्या कुशीला टेकलं आणि ठकूबाईनं दाखवलं तसा अंगठा वर धरून दाबला. पहिल्यांदा काही आलं नाही. ती तशीच दाबत राहिली. थोड्या वेळानं लोट्याच्या तळाशी आवाज झाला. मग तो आवाज बंद झाला, कारण तळ भरला होता. विमला थांबली नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. सोनूबाईनं आपल्या पदरानं ते पुसलं. ठकूबाई दुसऱ्या शेळीचे खूर बघत बसली.

चौथ्या दिवशी काळी सुटली. दोर तिनं चावून तोडला होता. सोनूबाई बाजारात, विमला पोरीला न्हाऊ घालत होती. भागोजीला दिसलं तेव्हा शेळी दाजीच्या अंगणात वाळत घातलेल्या जाळ्यावर उभी राहून शांतपणे चघळत होती. पाय ओढत तो पोचेपर्यंत हातभर भोक पडलं होतं.

दाजी घरातून बाहेर आला. त्यानं शेळीकडे पाहिलं, जाळ्याकडे पाहिलं. यमुनाबाई दारात आली. भागोजीनं काळीला कानाला धरून नेऊन बांधलं, या वेळी साखळीनं. मग सुई आणि सणाचा दोरा घेऊन तो दाजीच्या अंगणात जाऊन बसला. दीड दिवस तो तिथंच होता. दुपारी यमुनाबाईनं त्याला पेज आणून दिली. विणून झाल्यावर दाजीनं जाळं उन्हाकडे धरलं आणि बराच वेळ शोधलं. त्याला दोन गाठी ओळखता आल्या. "ह्या दोन," तो म्हणाला. भागोजी म्हणाला, "त्या माझ्या नायत. त्या तुझ्या जुन्या हायत." यमुनाबाई तोंडावर पदर घेऊन आत गेली.

मग मृग लागला आणि ठकूबाईची वाट बंद झाली.

ठकूबाईचं गणित बरोबर निघालं. आषाढ सरता सरता माळा रिकामा झाला. डोंगरावरचा पाला आणायला भागोजीला चढ चढता येत नव्हता आणि सोनूबाईला आता सुकट विकायला लांब जावं लागत होतं. भागोजी दाजीकडे गेला आणि म्हणाला, "तुझी लहान होडी दे." खाडीतल्या खाडीत फिरायची ती एका माणसाची होडी होती. तिला चढ नाही, उभं राहायला नको, बसून वल्हवायचं. दाजी म्हणाला, "एकट्यानं जाऊ नका, खाडीला ओढ हाय."

"ओढ कवा असते ता मला तू सांगणार?"

तीन वर्षांनी भागोजी पाण्यावर गेला. भरती उतरायला लागली की निघायचा, तिवरांच्या कडेला होडी लावायचा, कोयत्यानं डहाळ्या कापून भरायचा आणि ओहोटी जोर धरायच्या आत परत यायचा. पाला पडवीत दोरीवर टांगून एक रात्र निथळला की दुसऱ्या दिवशी गव्हाणीत. सोनूबाई पहिले आठ दिवस खाडीच्या कडेला येऊन उभी राहायची. नवव्या दिवशी तिला भात शिजवायचा होता, ती आली नाही.

पावसात काही सगळं सुरळीत झालं नाही. काळीच्या करडाला खोकला लागला आणि ते आषाढी अमावास्येच्या आदल्या दिवशी मेलं. विमलाला वाटलं आता काळी दूध देणार नाही. दोन दिवस तिनं खरोखरच दिलं नाही. त्या दोन दिवसांत चिमाला तांदळाची पातळ पेज आणि यमुनाबाईचं होतं तेवढं दूध, यावर काढलं. तिसऱ्या दिवशी विमला नुसतीच काळीजवळ जाऊन बसली, तिची मान खाजवत. दुपारी शेळी पान्हावली. पूर्वीइतकं नाही, पण पोरीपुरतं. श्रावणात, सांगितलं होतं त्याच्या आधी चार दिवस, तांबडी व्याली. दोन करडं, एक पाट आणि एक बोकड. भागोजीनं रघूला पत्र लिहून घेतलं. त्यात मचव्याचं एक वाक्य होतं आणि शेळ्यांची सहा.

गौरी-गणपती झाल्यावर पऱ्ह्याचं पाणी उतरलं आणि ठकूबाई डोंगरावरून आली. आल्या आल्या ती माचावर चढली. एकेका शेळीचा पाय उचलून तिनं खूर दाबून पाहिला. काळीचं करडू गेल्याचं ऐकून ती म्हणाली, "माझी पण चार गेली यंदा." मग ती ओटीवर आली. चिमा वाटीतल्या पेजेत हात बुडवून बसली होती, दोन्ही गालांना भात.

"खाते की गो," ठकूबाई म्हणाली. तिनं पोरीला उचललं, वजन अजमावलं आणि परत ठेवलं. "आता वाटणी. दोन करडातला एक माझा. मी पाट नेते."

पाट म्हणजे मादी, उद्याची दुधाची शेळी. विमलानं तिला नाव ठेवलं होतं. पण अर्धल ठरली होती आणि पहिली निवड ठकूबाईची होती. सोनूबाई म्हणाली, "ने."

ठकूबाईनं पाटीला खांद्यावर घेतलं. "आणि ह्या दोघी? पोरगी आता भाताला लागली. दिवाळीनंतर सूनबाय मुंबैला जाणार म्हणता. तुमाला कशाला पाहिजेत शेळ्या? सांगत असाल तर परवा येऊन घेऊन जाते."

सोनूबाईनं खाडीकडे पाहिलं. भागोजी खाडीत होता, भरती उतरायला लागून तास झाला होता, तो यायच्या बेतात असेल. घरात अजून कुणी शेळीच्या वासाला सरावलं नव्हतं, ती स्वतः तर मुळीच नाही. बोकड मोठा झाला की वाड्यातले लोक देवीसाठी मागायला येणार आणि त्यांना काय सांगायचं हे तिनं ठरवलं नव्हतं.

"राहू देत," ती म्हणाली. "काळीला बोकडाकडं कवा आणायची ता सांग."

"कार्तिकात आणा. वाटेला चढ हाय, दादांना जमायचा नाय."

"मी आणीन," सोनूबाई म्हणाली आणि ठकूबाईला घरी न्यायला बोंबलांची जुडी आणायला आत गेली.